कागदावरची पक्की टीप

सकाळचे साडेआठ. एका शेगडीवर दूध, दुसरीवर चहा, आणि ह्यांचा एक मोजा सापडत नाही म्हणून सगळं घर ढवळून निघालेलं. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल असताना दार ठोठावणारा माणूस आमच्या जिन्यावर एकच, समोरचे शिंपीकाका. बेलवर त्यांचा विश्वास नाही. तसा तो बऱ्याच गोष्टींवर नाही.

चाळीस वर्षं त्यांनी चौकात दुकान चालवलं. माणसाकडे बघायला ते तोंडापासून नाही, घोट्यापासून सुरुवात करतात. पँटची दुमड पाहिली की माणूस कळतो म्हणे. कोपऱ्यावरचा डॉक्टर त्यांच्या मते कुचकामी, कारण त्याची कॉलर मानेवर बसत नाही. धाकट्या बहिणीच्या लग्नाला मी नटूनथटून निघाले होते, तेव्हा जिन्यात माझ्या बाहीकडे बघून त्यांनी एवढंच विचारलं, की हे कोणी केलं. मी शिंप्याचं नाव सांगितल्यावर अशी मान हलवली, जणू कोणी वारल्याची बातमी ऐकली. स्वतःच्या सदऱ्याचं वरचं बटण मात्र मी या इमारतीत आले तेव्हापासून लोंबतंय.

तयार कपड्यांपुढे दुकान बसलं आणि शिलाई मशीन घरी आलं, तेव्हा खिडकीजवळची जागा सुनेनं आधीच धरलेली होती. सून कागदावर भरतकाम करते. जाड कागदावर चित्र काढायचं, खाली फोमचा तुकडा ठेवून सुईनं रेघेवर अंतर सोडून भोकं पाडायची आणि मग त्यांतून रंगीत दोरा हलक्या हातानं ओढत न्यायचा. मी तिच्याकडूनच शिकले. काकांना या सगळ्याचा तिटकारा. "कागदाला टाके? अपघात झालाय का त्याला?" हे त्यांचं पहिलं मत, आणि तीन वर्षांत ते तसूभर हललं नाही. आल्यागेल्याला ओळख करून देत, ही आमची सूनबाई, पुठ्ठे शिवते. मी शिकायला बसले तर म्हणाले, शिकलीसवरलेली बाई, आता अंड्याची टरफलं शिवायची तेवढी राहिली. सून हसून सोडून द्यायची. मला मात्र वाटायचं, आयुष्यभर एवढं कापड हाताळून माणूस इतका आखूड राहतोच कसा.

गेल्या आठवड्यात सून न्हाणीघरात घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमकी एका शाळेला मुख्याध्यापिकेच्या निरोप समारंभासाठी तीस कार्डं हवी होती, शुक्रवारपर्यंत. शाळेचं हे तिचं पहिलंच काम. नीट झालं तर पुढेही मिळत राहणार, बिघडलं तर दार बंद. ती मलाच विचारायला निघाली होती, पण काकांनी तिला अडवलं. शेजाऱ्यांना कशाला त्रास, पुठ्ठाच तर आहे, दोन तासांत उडवतो म्हणाले. ती हात गळ्यात बांधून चार दिवस आईकडे गेली. उद्या परत येणार होती.

दार उघडलं तर काका पिशवी छातीशी धरून उभे. आत येऊन खुर्चीच्या कडेवर टेकले आणि एकेक करत दहा कार्डं टेबलावर ठेवली.

मशीनवर बारीक टीप मारली होती, दोन्ही टोकांना मागेपुढे करून पक्की केलेली, पँटच्या खिशाला मारतात तशी. ती टीप कापडाला धरून ठेवते आणि कागदाला कापते. पाकळ्या रेघेवरून तिकिटासारख्या सुटून आल्या होत्या. एका कार्डात तर फुलाच्या जागी फुलाएवढं भोक होतं, आणि फूल पिशवीच्या तळाशी, दोऱ्यासकट, अगदी मजबूत शिवलेलं.

मला हसू आलं आणि मी ते लपवलंही नाही. एक फाटलं तेव्हाच का नाही थांबलात, मी विचारलं.

"वाटलं, टीप सैल पडली. म्हणून दुसऱ्याला आणखी बारीक मारली."

अशी दहा वेळा. सुनेनं चाळीस कागद कापून ठेवले होते, दहा चुकण्यासाठी. ते दहाही संपले. हा कागद बाहेरून मागवावा लागतो, शुक्रवारच्या आत मिळणं शक्य नव्हतं. म्हणजे उरलेल्या तिसांपैकी एकही बिघडून चालणार नव्हतं.

मी म्हटलं, पिशवी ठेवून जा, मी करते, उरलेले तरी जगू देत. टोमणा चांगला जिव्हारी लागेल असाच होता. एरवी त्यांनी माझ्या पदराच्या पिकोपर्यंत सगळं बाहेर काढलं असतं. आज मात्र ते फाटलेल्या पाकळीची कड बोटानं जुळवत बसले, कापड जुळवतात तशी, आणि ती जुळेना.

"तीन वर्षांत तिनं पहिल्यांदा आपलं काम माझ्या हातात दिलंय," ते म्हणाले. "तुमचा हात ती दारातूनच ओळखेल."

आत दूध उतू गेलं. ह्यांनी गॅस बंद केल्याचा आवाज आला.

"तुम्ही शिवू नका, वहिनी. मला शिकवा."