जनीच्या डोक्यातली त्रेसष्ट घरं

कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्याला वेळशेतचा फाटा लागतो. फाट्यावर उतरून कुणालाही भिवाजीची गिरणी विचारा, तो आधी हसेल आणि मग रस्ता दाखवेल. भिवाजी आणि मशीन हा पंचक्रोशीत थट्टेचा विषय आहे. गावात पहिला डिझेल पंप त्याने आणला, पहिला मिक्सर त्याने आणला, आणि तो मिक्सर त्याच दिवशी खोलून परत जोडलाही त्यानेच. लग्नात सासऱ्याने हौसेने विचारलं, जावईबापू काय देऊ, तर हा म्हणाला, पाना-पक्कडीचा सेट द्या. खरं-खोटं देव जाणे. पण त्याच्या बायकोने, जनीने, ही गोष्ट कधी खोटी पाडली नाही.

गिरणी भाताची. अशा गिरणीत कुणी तांदूळ विकत घ्यायला येत नाही, हे शहरातल्या माणसाला आधी सांगावं लागतं. आपल्या शेतातलं भात गोणीत भरून न्यायचं आणि भरडून आपलाच तांदूळ घरी आणायचा. कणी आपली, कोंडाही आपलाच. दुसऱ्याच्या शेतातला मूठभर दाणा आपल्या गोणीत गेलेला इथे कुणाला खपत नाही. दिवाळी सरली की एकेक-दोन-दोन गोणी घेऊन लोक यायला लागतात, ते होळी उलटेपर्यंत.

एकेचाळीस वर्षं भिवाजीने ही गिरणी चालवली, आणि एकेचाळीस वर्षं जनी तिथे असायची. तिचं काम काय, असं कुणी विचारलं असतं तर भिवाजी म्हणाला असता, काय नाय, गोण धरते. जुन्या मशीनला एक दांडी होती. ती आवळली की तांदूळ पांढरा निघायचा, सैल केली की कोंड्याचा लालसर हात त्याच्यावर राहायचा. गोणी उतरली, की जनी लांबूनच ओरडायची, "अवो, जरा सैल." नाहीतर, "परत एकदा फिरवा." भिवाजी तसं करायचा. त्याला वाटायचं, बाई मोटारीच्या आवाजाला भिते. मोटार तापेल म्हणून सैल करा म्हणते, आणि थंड झाली की परत फिरवा म्हणते. डोळ्यांसमोर तांदूळ पडत होता, पण ह्या गृहस्थाचे कान कायम मोटारीकडे. मी तर म्हणतो, इतकी वर्षं एका छपराखाली काढून माणूस इतका आंधळा राहू शकतो, हेच खरं नवल आहे.

दोन वर्षांमागे जनीचे गुडघे धरले. चुलीपुढून उठताना तिला भिंतीचा आधार लागायला लागला. भिवाजीच्या जिवाला ते लागलं, आणि त्याने आपल्या परीने त्यावर उपाय काढला. गेल्या दसऱ्याला त्याने नवं मशीन आणलं. रबर रोलचं, आपोआप पाखडणारं, कणी वेगळी, तूस वेगळं, तांदूळ थेट गोणीत. कंपनीचा माणूस येऊन जोडून गेला. जाताना एका बटणावर बोट ठेवून म्हणाला, "काका, हे इथंच राहू द्या, एक नंबर तांदूळ निघतो." भिवाजीने नारळ फोडला. घरोघर पेढे वाटले. आणि घरी येऊन अभिमानाने जनीला सांगितलं, "जने, आता तुला यायची गरज नाय. मशीन सगलं करतं. तू आराम कर."

दुसऱ्या दिवसापासून जनी घरी बसली.

दिवाळीनंतर लोक आले. तांदूळ बघून वा वा म्हणाले. मोगऱ्याच्या कळीसारखा शुभ्र दाणा, तुकडा नावाला नाही. भिवाजी प्रत्येकाच्या ओंजळीत तांदूळ घालून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायचा. लोक हसले, पिशव्या उचलल्या, गेले. आणि बहुतेक परत आलेच नाहीत. संक्रांतीपर्यंत अंगणात चार गोणी राहिल्या, त्यातल्या दोन भिवाजीच्याच.

हायवेच्या अंगाला एका व्यापाऱ्याने मोठी मिल टाकली होती. भात द्या, तांदूळ न्या, थांबायची कटकट नाही. भिवाजीने सगळं खापर त्या मिलवर फोडलं. कर्जतला जाऊन फ्लेक्स छापून आणला, 'मोत्यासारखा तांदूळ, भिवाजी राईस मिल'. सुनेने, भाविकाने, मशीनचा व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकला. त्याला चाळीस अंगठे आले. गोणी एकही आली नाही.

मुलगा राजेश खोपोलीला कंपनीत. तो वाईट नाही, पण हिशेबी आहे. एका रविवारी तो म्हणाला, "बाबा, टाइल्सवाला गिरनीचा गाला मागतोय. रोडटच जागा हाय. होळीपर्यंत बघू. नायतर मशीन विकू नि गाला देऊन टाकू." भिवाजीने मान हलवली. होळीला पाच आठवडे होते. गिरणी गेली तर सकाळी उठून आपण कुठे जायचं, हा प्रश्न त्याने कुणाला सांगितला नाही, पण रात्रंदिवस त्याच्या छातीवर तोच बसलेला होता.

शेवटी लाज सोडून तो विमलबाईंच्या घरी गेला. विमलबाई पलीकडच्या पाड्यातल्या, त्याच्या आईच्या वारगीच्या. दर हंगामात पहिली गोणी त्यांची असायची. ओटीवर त्यांनी भात पसरलं होतं आणि त्या उखळाकडे बसल्या होत्या. होय, उखळ! घरात लाईट, दारात मोटारसायकल, आणि म्हातारी मुसळाने भात कांडत होती. भिवाजीला ते बघून कानफटात बसल्यासारखं झालं.

"मावशी, हे काय गं? माज्याकडं का नाय आलीस?"

विमलबाईंनी मुसळ भिंतीला टेकवलं. "बस. रागावशील पन."

"नाय रागावत. सांग."

"तुजा तांदूळ लय सुंदर रं भिवा. पन पेज केली का निसतं पानी. सकालची पेज पिऊन मानूस शेतावर गेला का धाच्या आत पोटात कावले. म्हातारा म्हनतो, ही आजाऱ्याची पेज कोनी केली?"

"मंग तोंडावर सांगायचं ना!"

"कसं सांगू? नारल फोडलास, घरात येऊन पेढा दिलास. पेढा खाल्ल्या तोंडानं नावं ठेवायची?" विमलबाईंनी उखळातलं भात हाताने खालीवर केलं. "आन् आदी कदी सांगावंच लागलं नाय. जनी व्हती ना. गोन खांद्यावरनं उतरली का तिला ठावं, विमलबायचा जाड काडायचा. अंबाबायला दात नायत, तिचा दोनदा फिरवायचा. पापड्यांचा येगला, पाव्हन्यांचा येगला. तू निसता दांडी वडत व्हतास."

विमलबाईंनी चहा दिला, तो निवून गेला. शेताच्या बांधाने परत येताना त्याच्या कानात एकेचाळीस वर्षांचं 'जरा सैल' आणि 'परत एकदा' वाजत होतं. ती मोटारीला भीत नव्हती. ती गिरणी चालवत होती. आणि आपण तिला घरी बसवून वर तिच्यावर उपकार केल्यासारखं मिरवलं.

जनी मागच्या दारी वाल सोलत बसली होती. तो समोर उकिडवा बसला. माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे त्याने सरळ कामाचंच काढलं. "जने, विमलमावशीचा कसा काडायचा गं?"

जनीने वाल सोलणं थांबवलं नाही. "मशीन सगलं करतं ना? मशीनला इचारा."

"तसं नाय गं."

"मंग कसं? पाय दुखतात म्हनून घरी बसवलंत. अवो, पाय घरी पन दुखतात. तितं चार बाया येत, चार गोष्टी कलत. कोनाची लेक बालंतपनाला आली, कोनाचा म्हातारा आजारी. हितं भिंतीशी बोलू?" तिने हातातलं टरफल खाली टाकलं. "चार म्हयने झालं, एकदा तरी इचारलंत, जनी बरी हायस का?"

भिवाजीचे डोळे भरून आले. आता सांगायला हरकत नाही, तो रडला. साठी उलटलेला माणूस वालाच्या टरफलांत बसून लहान पोरासारखा रडला, आणि म्हणाला, "चुकलं माजं. मला वाटलं मी तुला सुक देतोय. तू नसलीस तर माजी गिरन निसतं लोखंड हाय गं."

जनीने डोळे पदराला पुसले आणि सोललेले वाल आत नेऊन ठेवले. मग हाक मारली, "भाविका, तुजा मोबाईल घेऊन ये गं."

भाविका कर्जतची, बारावी झालेली, चटपटीत. तिने सासूच्या शेजारी बसून लिहायला घेतलं. जनीने घरं सांगितली ती गावांच्या क्रमाने नाही, बांधांच्या क्रमाने. कुणाचं शेत ओढ्याला लागून, कुणाचं टेकडीखाली, कोण कर्जत तीन जातीचं भात लावतो, कोण अजून आजोबांच्या वेळचं लाल भात धरून आहे. कुणाला कणी हवी, कुणाला कोंड्यात तूस आलेलं चालत नाही कारण घरी कोंबड्या आहेत. एका घरी नवरा गोडवाला, म्हणजे साखरेच्या आजाराचा, त्याचा बिनपॉलिशचा वेगळा. दोन दुपारी गेल्या. त्रेसष्ट घरं झाली. भाविका म्हणाली, "आई, हे सगळं तुम्ही कुठं लिहून ठेवलं होतंत?" जनी म्हणाली, "मला कुटं लिवता येतंय?"

तिसऱ्या दिवशी भिवाजीने ते बटण फिरवलं. कंपनीच्या माणसाने देवाच्या मूर्तीसारखं अढळ करून ठेवलेलं बटण मुकाट्याने फिरलं, आणि खालून लालसर, जाड, कोंड्याच्या वासाचा तांदूळ पडला. मशीनला सगळं येत होतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच.

मग भिवाजी त्या त्रेसष्ट घरांत गेला. पेढे घेऊन नाही, रिकाम्या हाताने. प्रत्येक दारात एकच बोलणं. "एक गोन द्या. तुमच्या घरच्या पद्दतीनं काडून आनून देतो. आवडला नाय तर माज्या तोंडावर सांगा, मी रागावनार नाय." पहिल्या दिवशी लोक लाजले, छान आहे, छान आहे म्हणाले. दुसऱ्या वेळी अंबाबाईंनीच धीर करून म्हटलं, अजून मऊ पाहिजे. भिवाजी तिथल्या तिथे गोणी उचलून परत घेऊन गेला. ही बातमी पाड्यापाड्यांत फिरली, आणि मग लोकांची तोंडं उघडली. एवढी उघडली की भिवाजीला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. पण गोणी यायला लागल्या.

जनीसाठी त्याने गिरणीत जुन्या मोटारगाडीची सीट बसवली, उंच, पाय लांब करता येतील अशी. ती तिथून बायकांशी बोलायची, आणि भाविका प्रत्येक गोणीला चिंधी बांधायची, जाड काढायचा तर लाल, दोनदा फिरवायचा तर पांढरी. हायवेची मिल आपल्या जागी जोरात चालली आहे. तिची गिऱ्हाइकं वेगळी, ती तिला लखलाभ.

होळीच्या आदल्या दिवशी राजेश आला. अंगणात मोटारसायकल लावायला जागा नव्हती. गोणींच्या दोन रांगा आणि तीन टेंपो. त्याने ते बघितलं, बापाकडे बघितलं, आणि बाजूला जाऊन टाइल्सवाल्याला स्वतःच फोन लावला. "गाला नाय मिलनार," एवढंच म्हणाला.

त्या दुपारी भाविका घरच्या गोणीला चिंधी बांधायला गेली आणि थबकली. मोबाईलमध्ये वरपासून खालपर्यंत शोधलं. "बाबा, आपल्या घरचं यादीत नाही."

"आपला पांडरा. दोनदा," भिवाजी मोटारीवरून मान न उचलता म्हणाला.

"तो तुम्हाला आवडतो. आईंना?"

मोटार चालू होती, तरी सगळ्यांनी ते ऐकलं. भिवाजीने मान वर केली. एकेचाळीस वर्षं ह्या बाईने त्याला जेवायला वाढलं होतं. गावातल्या त्रेसष्ट घरांच्या चवी आता त्याला पाठ होत्या. आणि ही काय आवडीने खाते, ते त्याला सांगता येईना. त्याने जनीकडे बघितलं. जनी पदराशी चाळा करत म्हणाली, "मला लाल बरा वाटतो. माहेरी तोच व्हता. पन दोगांसाटी कशाला दोन दोन?"

भिवाजीने मोटार बंद केली. तीन टेंपोवाले ओरडले, त्याने लक्ष दिलं नाही. विमलबाईंकडून दोन पायली लाल भात मागून आणलं, यंत्र स्वच्छ झाडलं आणि तेवढंच भात वेगळं काढून दिलं. संध्याकाळी जनीने तो तांदूळ शिजवला, त्यावर वालाचं बिरडं घातलं, आणि पहिला घास घेऊन डोळे मिटले. भिवाजी समोर बसून बघत होता. त्याने आपलं ताट पुढे केलं, "मला पन घाल थोडा."

जनीने घातला. "खरं सांगा पन. माज्यासाटी ग्वाड म्हनू नका."

भिवाजीने घास खाल्ला. खूप वेळ चावला. राजेश, भाविका, सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. बिचाऱ्याने घास गिळला, पाणी प्यायला, आणि म्हणाला, "जने, मला नाय आवडला गं."

जनी हसायला लागली. आधी पदर तोंडाला लावून, मग पदर सोडून, गुडघ्यावर हात आपटत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. तिला असं हसताना राजेशने कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. भिवाजीही हसला. मग तिने उठून त्याच्या ताटातला लाल भात आपल्या ताटात ओढून घेतला आणि त्याला पांढरा वाढला.

आता त्या घरात दोन पातेल्यांत भात शिजतो.