बाळसं नव्हे, सूज

देवीवरचा माझा विश्वास डळमळला तो यांच्या आजारपणात. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट असेल. नागपुरात आमच्या घरी हातमाग होता. यांच्या पायांना गळवं झाली, ती पिकली, अंगात ताप भरला आणि माग बंद पडला. औषध चालू होतं, तरी गालांची हाडं वर आली. मी कोराडीच्या देवीला नवस बोलले, यांच्या अंगावर मांस चढू दे, जोडीनं येऊन ओटी भरीन. बोलले खरी, पण मनात शंका होतीच. इतक्या जणींचं ऐकायचं तिला, आपला नंबर कधी लागणार?

आणि नंबर लागला. ताप उतरला, गळवं सुकली, मग हळूहळू गालही भरले. सासूबाईंनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. "पोरानं अंग धरलं वं," म्हणाल्या. लघवी कमी होते, दम लागतो, असं हे सांगायचे. आजारातून उठलेल्या माणसाला अशक्तपणा असायचाच, असं म्हणत मी पोळीवर तूप वाढत होते.

कोराडीला रांगेत आमच्यापुढे एक म्हातारी होती. ती सारखी वळून यांच्याकडे बघायची. मला रागच आला. आत्ता कुठं माणूस सावरलाय, त्यात हिची नजर! तेवढ्यात ती खाली बसली आणि यांच्या नडगीवर तिनं अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला.

"हे बाळसं नाही वं बाई, सूज हाये," ती म्हणाली. "माह्या लेकाचंबी असंच तोंड भरलं होतं. आम्ही पेढे वाटले. याले आधी दवाखान्यात ने."

"अन् ओटी?" मी विचारलं.

"देवी का पळून राहिली? चाल, मी येतो संगं."

डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडांना सूज आहे. रोगाशी झुंजताना शरीर पेटतं, ते चांगलंच. पण रोग हटल्यावरही ते विझलं नाही, तर आपलेच अवयव जाळत सुटतं. "ही आतली सूज उतरली तर माणूस उभा राहतो. चढत गेली तर आमच्या हातात फारसं राहत नाही." यांचं मीठ तोडलं, पाणीही बेतानं. देवीपुढे मी पुन्हा हात जोडले, पण काय मागावं ते कळेना. मी मागितलेलं भरलेलं तोंडच तर यांच्या जिवावर उठलं होतं. शेवटी म्हटलं, आई, मला यातलं काही कळत नाही, तुला कळेल तसं कर. त्या रात्री मला कितीतरी दिवसांनी झोप लागली.

सूज उतरू लागली. गालांची हाडं पुन्हा दिसली आणि मला आनंदानं रडू कोसळलं. "किती वाळला वं," सासूबाई हळहळल्या, तर मला हसू आवरेना. धोका टळला असं डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी म्हातारी भेटायला आलेली होती. ती बराच वेळ यांच्याकडे बघत बसली.

"आमच्यापायी तुमचं दर्शन राहिलं, आजी," मी म्हटलं.

"मी कुठं दर्शनाले आली होती? लेक गेल्यावर तिथं पाय नव्हता ठेवला. त्या दिवशी भांडाले आली होती तिच्याशी, माह्या पोराले काहून नेलं म्हणून." तिनं यांच्या अंगावरची चादर नीट केली. "आता कशी भांडू?"