डॉक्टरांची पिचकारी

ओल्या गुलालाचा वास आला की मला गोपालपुऱ्यातली आमची ती धुळवड आठवते. दवाखान्याचा कचरा रंगीत पिशव्यांत वेगळा करून ठरलेल्या गाडीला द्यायचा नियम, पण आमच्या समोरचे डॉक्टर तो सरळ मागच्या रिकाम्या प्लॉटवर टाकायचे. थंडीत तिथे खेळताना माझ्या नातीच्या बोटात वापरलेली सुई घुसली. मी भांडायला गेले तर म्हणतात कसे, "माताजी, बच्चे हैं, कुछ नहीं होता." इकडे आम्ही पोरीचं रक्त पुन्हापुन्हा तपासत जीव मुठीत धरून बसलेलो. मी म्हटलं, येऊ दे धुळवड. त्या दिवशी हे महाशय पांढराशुभ्र कुर्ता घालून गल्लीत गळाभेटी घेत आले, आणि मी पदराआडची मोठी सिरिंज काढून गुलाबी पाण्याची धार थेट त्यांच्या तोंडावर सोडली. सिरिंज बघून माणूस थिजलाच. "ये कहाँ से लाईं?" "आप ही के प्लॉट से, डॉक्टरसाब. कुछ नहीं होता." सगळ्या गल्लीसमोर ते नळाखाली तोंड घासत बसले. पुढच्याच आठवड्यात कचऱ्याची गाडी त्यांच्या दारात थांबायला लागली. आमच्या पोरीचे रिपोर्ट चांगले आले, तेव्हा डॉक्टर स्वतःच्या रिपोर्टची वाट बघत होते. ती सिरिंज मी मेडिकलमधून कोरी आणली होती, हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.