कातळाखालचं वजन

"हे कशावरून?" हा आमच्या मॅडमचा ठरलेला प्रश्न. कॅन्टीनवाला "उसळ ताजी आहे" म्हणाला तरी त्या विचारणार, "कशावरून?" आणि उत्तराची वाट न पाहता चालायला लागणार. अशी माणसं तुमच्याही कचेरीत असतील. बोलता बोलता त्यांचा एक पाय दाराबाहेर असतो.

पुण्यातल्या आमच्या सरकारी कार्यालयात त्या भूभौतिकीच्या आणि मी भूगर्भशास्त्राचा. आपला बराचसा मुलूख काळ्या कातळाने झाकलेला. त्याखाली पृथ्वीचं कवच कुठे जाड आहे, कुठे चिरलंय, हे खणून बघता येत नाही. मग गुरुत्वाकर्षण मोजायचं. खाली जड खडक असला तर ओढ किंचित वाढते, हलका असला तर कमी होते. ही ओढ मोजणाऱ्या यंत्राला धक्का चालत नाही, म्हणून जीपमध्ये त्या ते तान्ह्या मुलासारखं मांडीवर घेऊन बसत. बाकी कुठे त्या स्वस्थ बसल्याचं मला आठवत नाही.

अडचण अशी, की त्याच आकड्यांना जमिनीखालची दोन-तीन वेगवेगळी चित्रं सारखीच जुळतात. त्यातलं खरं कोणतं ते माझ्या दगडांवरून ठरवायचं, आणि माझे दगड पुष्कळदा गप्प. एकदा साहेबांपुढे त्यांनी एकाच पट्ट्याची दोन चित्रं ठेवली.

"मॅडम, एकच ठेवा. दिल्लीला पाठवायचंय."

"खाली एकच आहे. कोणतं ते मला माहीत नाही. आपल्याला माहीत असेल तर खूण करा."

साहेबांनी पेन खिशात ठेवलं.

तेव्हा शहरात सॉफ्टवेअरच्या कंपन्या वाढत होत्या. आमची तरुण मंडळी एकेक करून तिकडे गेली. यांनाही बोलावणं आलं. बिनपगारी रजा घेऊन गेल्या आणि लवकरच परतल्या. "खुर्चीला चाकं आहेत हो, पण फिरायचं त्याच खोलीत."

मग आम्ही मोजलेल्या पट्ट्यातल्या, मराठवाड्यातल्या एका गावाला भूकंपाचे धक्के बसू लागले. आम्ही पुन्हा मोजायला गेलो. थंडीत गाव उघड्यावर निजत होतं. एका बाईचं घर पडून तिचा नवरा गेला होता; ती आता दिराकडे होती. तिने विचारलं, "बाई, आता घरात निजावं का न्हाई?"

"सांगता येत नाही."

"मंग हे मशीन कशाला आणलंय?"

त्या दिवशी त्यांच्या मोजण्या चुकत राहिल्या. तसं कधी झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र माझ्या हातात देऊन मॅडम त्या बाईच्या दिराच्या घरावर चढल्या. दगडी भिंती आणि वर धाब्याच्या सपाट छपराची हातभर जाड माती. "जमिनीचं मला सांगता येत नाही. पण हे ओझं डोक्यावरून उतरवा," म्हणाल्या आणि खोरं मागितलं.

"पावसात गळंल की," दीर म्हणाला.

"पत्रे घाला."

आधी लोक हसले. दुपारपर्यंत दीर आणि शेजारचे दोघे-तिघे माती ढकलत होते. पुढे प्रत्येक रजेत त्या तिकडेच जात, आणखी एका घराच्या छपरावर चढत.

पुढे पुन्हा धक्का बसला. भिंतींना भेगा गेल्या, पत्रे खडखडले. त्या घरांतलं कोणी दगावलं नाही.

"तुमच्यामुळे वाचली माणसं," मी म्हणालो.

"कशावरून? धक्काच लहान असेल." पण हे म्हणताना त्या खिडकीकडे वळल्या आणि बराच वेळ वळलेल्याच राहिल्या.

निवृत्तीनंतर त्या आजारी पडल्या. बिबवेवाडीत त्यांच्या घराजवळच्या दवाखान्यात मी भेटायला गेलो, ती शेवटची भेट. पलंगाच्या कडेला बसून त्या पायांनी खाली काही चाचपत होत्या.

"माझ्या चपला कुठे ठेवल्यात हो यांनी?"

चालण्याची त्यांना मनाई होती. नर्सने चपला कपाटात ठेवल्या होत्या. मी त्या काढून त्यांच्या पायांशी ठेवल्या. त्यांनी त्या घातल्या, पलंगाचा कठडा धरला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चला."