स्वस्त म्हणत चालणारा माणूस

माझा धाकटा मेहुणा कपबशीवाला. जन्मभर हातगाडी ढकलली, पण गाडीपेक्षा त्याचा गळाच मोठा. ‘स्वस्तऽऽ’ हा एकच शब्द तो असा लांबवायचा की तिसऱ्या मजल्यावरची बाई धुणं टाकून खिडकीत यायची. आणि त्याचा कायदा ऐका: स्वस्त म्हणजे दाम कमी, हलकं म्हणजे माल कमी, दोन्ही एका गाडीवर राहायची नाहीत. कुणी ‘हलक्यातला कप’ मागितला, की हा बशीवर टिचकी मारून तिचा आवाज ऐकवायचा आणि म्हणायचा, हलकं पुढच्या गल्लीत बघा.

पुढे त्याच्या मुलीने गाडी मोडीत काढली आणि भाड्याने दुकान घेतलं. काचेचं दार, आत झगझगीत दिवे. पाटीवर ‘माफक दर’. स्वस्त म्हटलं की लोकांना हलकंच वाटतं, असं तिचं म्हणणं. बापाला सक्त ताकीद दिली, तो शब्द इथे काढायचा नाही.

पहिल्या दिवशी मी सकाळपासून हजर! दुपार झाली तरी एक माणूस आत येईना. लोक पाटी वाचत, काचेतून डोकावत आणि सटकत. एक आजीबाई तर ‘माफक’ वाचून, हे आपल्याला परवडायचं नाही, म्हणत निघून गेल्या. पोरीचं तोंड एवढंसं झालं. गाडी गेलेली, दुकान चाललं नाही तर घर कशावर चालणार? शेवटी तीच म्हणाली, “बाबा, ओरडा.”

अहो, मेहुण्याने बाहेर येऊन अशी आरोळी ठोकली की पटापट खिडक्या उघडल्या, बायामाणसं जिने उतरून आली. पण खरी गंमत पुढेच. आयुष्यभर चालत ओरडलेला माणूस तो. आवाज निघाला तसे पायही निघाले! दोन्ही हात गाडी ढकलल्यासारखे पुढे. हा पुढे, गर्दी मागे आणि दुकान जागच्या जागी. चपला हातात घेऊन मी धावलो, त्याला गाठून म्हणालो, “अरे, दुकान मागे राहिलं!”

“भाऊजी, थांबलो तर आवाज तुटेल,” एवढं बोलून तो कोपऱ्यावर वळला, पुढच्या कोपऱ्यावर पुन्हा वळला, आणि सगळा लवाजमा घेऊन वळसा घालून दुकानापाशी हजर! येताना मागच्या गल्लीतलीही माणसं गोळा झालेली. पोरीने दार सताड उघडून धरलं. मग जी झुंबड उडाली, काय सांगू! कागदात कप गुंडाळून गुंडाळून माझी बोटं दुखून आली.

गर्दी ओसरल्यावर पोरीने बापाला पाणी दिलं. म्हणाली, “रोज एक फेरी मारत जा बाबा. फक्त सुरुवात मागच्या गल्लीतून करा, म्हणजे शेवट दुकानात होईल.”