कावीळ नाही, कॅन्सर

माझ्या पोरीला रक्ताचा कॅन्सर आहे. हे वाक्य मी सगळ्यांत आधी लिहिते, कारण ते तोंडातून काढायला मला अडीच महिने लागले. त्या अडीच महिन्यांची मला लाज वाटते.

मी पत्रकं लिहिणारी बाई. ऊसतोड करणाऱ्या बायकांना फडाजवळ संडास हवा, पाण्याचा टँकर वेळेवर हवा, सगळ्यावर लिहिलं. ‘बायांनो, लाजू नका, बोला!’ ही ओळ माझ्या प्रत्येक पत्रकात असायची. आणि माझ्याच घरात सासूबाईंनी, ज्यांना मी आत्या म्हणते, ठरवलं की गावात सांगायचं, पोरीला कावीळ झालीय. मी मान डोलावली.

“पोरीची जात हाय,” आत्या म्हणाल्या. “आज सहा वर्षांची हाय, उद्या लग्नाची हुईल. एकदा का नाव लागलं, कोन करतंय सोयरीक?”

नवरा टेम्पोवर कांदा वाहत होता. तो म्हणाला, आत्ता वाद नको. नगरच्या दवाखान्यात लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डात, खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मी फोनवर सांगत राहिले, “हो, उतरतेय कावीळ, हळूहळू.”

एक गोष्ट मी विसरले. आमच्याकडे कावीळ म्हटलं की प्रत्येकाकडे औषध असतं. कुणाचा पाला, कुणाची माळ, कुणी नाकात थेंब सोडतं. कॅन्सर म्हटलं असतं तर लोक घाबरून घरी बसले असते. कावीळ म्हटल्यावर बसतील कशाला?

सिस्टरनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं, बाहेरचा पाला नाही, काढा नाही, अंगारासुद्धा पाण्यात कालवून नाही. केमोचे डोस मुळातच लिव्हरला जड. लिव्हरचा रिपोर्ट बिघडला की पुढचा डोस थांबतो, आणि डोस थांबला की आजार पुन्हा डोकं वर काढतो.

एका बुधवारी सकाळी मी खाली मेडिकलमध्ये गेले होते. दुसऱ्याच दिवशी पोरीला डोस चढायचा होता. वर आले तर खाटेवर आत्यांची सख्खी बहीण, तिसगावची मावशी. पहिली एसटी पकडून आलेली, मास्क हनुवटीखाली, हातात हिरव्या पाण्याची बाटली. आणि पोरीचे दोन्ही गाल फुगलेले. ती नुसतं बोटानं तोंड दाखवत होती.

“थुंक!” मी ओरडले.

ती ट्रेमध्ये थुंकली. “एक घोट गिळला आई. दुसरा धरून ठेवला. लई कडूय.”

“आगं, थुंकायला लावतीस व्हय!” मावशी उभी राहिली. “दिवस उगवायच्या आत पाला तोडलाय. अनशापोटी घ्यावा लागतो. तीन बुधवार दिलं की कावीळ मुळासकट जाती.”

“मावशी, तिला कावीळ नाही. कॅन्सर आहे.”

मावशीनं माझ्या तोंडावर हात ठेवला. “हळू बोल! लोकं ऐकतील ना!”

मी तो हात बाजूला केला. “कोणती लोकं? बघा इकडं. अकरा खाटा आहेत. सगळ्यांना तोच आहे. कुणापासून लपवू?”

पलीकडच्या खाटेवरची बाई, कोल्हारची, भाकरी कुस्करता कुस्करता हसली. “मावशी, आम्हाला ठाऊकय, बरं का.”

मावशी बसली. बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाली, “माझी सख्खी भन मला खोटं बोलली? मी पोरीचं वाटोळं करत हुते आन् मलाच म्हाईत न्हाई?”

मला तिच्यावर चिडता येईना. चिडायचं होतं ते माझ्यावर. मी सिस्टरला बोलावून खरं ते सांगितलं. बाटलीही दाखवली. डॉक्टर आले, रक्त घेतलं आणि म्हणाले, उद्याचा डोस थांबवतो. दोन दिवसांनी पुन्हा तपासू, मग ठरवू.

त्या दुपारी मी भावकीच्या ग्रुपवर लिहिलं. पत्रकासारखंच लिहिलं, दुसरं मला येतं कुठं? ‘माझ्या मुलीला कावीळ नाही. रक्ताचा कॅन्सर आहे. तो शिवल्यानं लागत नाही. त्यावर उपचार आहेत आणि ते चालू आहेत. औषध, पाला, अंगारा आणू नये. ज्यांना सोयरीक मोडायची आहे त्यांनी आजच मोडावी, आम्ही मोकळे होऊ.’

सासरे ग्रुपमधून बाहेर पडले. एका चुलतदिरानं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं, म्हणजे काय ते त्यालाच ठाऊक. नवऱ्याचा फोन आला. “शेवटचं वाक्य जरा जास्त झालं.”

“काढू का?”

त्यानं टेम्पो कडेला घेतल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, “र्‍हाऊ दे.”

मावशी परत गेलीच नाही. दोन दिवस बाहेरच्या बाकावर पदर अंथरून राहिली. राहात्याहून कुणी पाहुणे प्रसाद घेऊन आले तर तिनं त्यांना दारातच अडवलं. “आत क्यान्सरची पोर हाय. हात धुतलं का? न्हाई? मंग हितनंच बघा.”

दोन दिवस मी त्या एका घोटाचा विचार केला. त्यातलं किती पोटात गेलं असेल, चमचाभर की जास्त? पोर विचारायची, “माझ्यामुळं थांबलं का?” मी म्हणायचे, नाही गं, माझ्यामुळं.

रिपोर्ट ठीक आला. डोस सुरू झाला त्या दिवशी आत्या आल्या. माझ्याकडे बघितलं नाही. नातीच्या पायाशी बसल्या आणि सिस्टरला विचारलं, “किती दिस लागतील हिच्या... त्येला?”

“कशाला, आजी?”

आत्या नातीचं पांघरूण सारखं करू लागल्या. पूर्वी मी मध्ये पडून सावरलं असतं. आता मी सलाईनच्या थेंबांकडे बघत बसले. हे त्यांचं त्यांनीच म्हणायचं होतं.

“सिस्टर,” पोर म्हणाली, “आजीला कॅन्सर म्हणता येत न्हाई. मी शिकवते.”