व्हिक्टोरियाचं पाणी ऑक्टोबरात बघायला जाऊ नका

कामाचं आधी सांगतो. आफ्रिकेतला व्हिक्टोरिया धबधबा बघायचा असेल तर एप्रिल-मेमध्ये जा. ऑक्टोबरात जाऊ नका. ज्याला पुढचं वाचायला वेळ नाही त्याने एवढं लक्षात ठेवलं तरी चालेल.

मी ऑक्टोबरातच गेलो. चौतीस वर्षं मी पाणीखात्यात चावीवाला होतो. घाटकोपरच्या डोंगराळ भागात रस्त्यातल्या लोखंडी झाकणांखाली व्हॉल्व्ह असतात. त्यांना छातीएवढी लांब चावी लावून फिरवली की त्या गल्लीला पाणी सुटतं. दोन तासांनी बंद करायचं, पुढच्या गल्लीला सोडायचं. पाच मिनिटं उशीर झाला तर वरच्या आळीतल्या बायका माझ्या आईपासून सुरुवात करायच्या.

आणि आमचं स्वतःचं घर असल्फाला डोंगरावर, लाइनीच्या अगदी टोकाला. मी सगळ्यांना पाणी सोडत फिरायचो आणि सुमन, म्हणजे माझी बायको, पहाटे चारला उठून करंगळीएवढ्या धारेखाली हंडा लावून बसायची. निवृत्तीला मला शाल-श्रीफळ मिळालं. घरी आल्यावर तो नारळ फोडता फोडता ती म्हणाली, "आता एकदा मला पोटभर पाणी बघायचंय. कोणी चावी फिरवून सोडलेलं नको." मी म्हटलं, जगातलं सगळ्यात मोठं दाखवतो.

त्याला नऊ वर्षं झाली. आधी मुलीचं लग्न निघालं, मग पत्रे बदलले, मग असंच राहिलं. यंदा सुमनचे दोन्ही गुडघे गेले. डॉक्टरांनी दिवाळीनंतरची ऑपरेशनची तारीख दिली. वय बघता पुढे किती चालता येईल ते नंतर बघू, म्हणाले. ती मला काही बोलली नाही. शेजारणीला मात्र माझ्यादेखत सांगितलं, की आमच्या ह्यांच्या तोंडाला बारा महिने पाणी असतं, नळालाच नसतं. त्याच आठवड्यात मी मुलीकडे मुलुंडला गेलो.

शीतल, माझी मुलगी, लॅपटॉप उघडून बसली. आधी नायगारा बघितला. अमेरिकेच्या व्हिसाची तारीख इतकी लांबची मिळत होती की तोपर्यंत तिसरा गुडघा बसवायची वेळ आली असती. मग व्हिक्टोरिया निघाला. नायगाऱ्याच्या जवळजवळ दुप्पट उंच, झांबिया आणि झिंबाब्वे या दोन देशांच्या हद्दीवर. टूरवाल्याकडे जाऊ या, असं तिचं म्हणणं. मी म्हटलं, टोपी घालून झेंड्यामागे फिरायला मी काय शाळेच्या सहलीला चाललोय? शिवाय ती वाचून सांगत होती की महिना नीट बघावा लागतो. इथे मी तिला गप्प केलं. पाणी कधी भरपूर असतं हे मला सांगतेस? तुळशी, विहार, तानसा, सगळे तलाव ऑक्टोबरात काठोकाठ. चौतीस वर्षं बघितलंय. तिकीट ऑक्टोबरचंच काढ.

विषुववृत्ताच्या खाली पावसाळा उलटा असतो हे सातवीपर्यंत कोणी शिकवलं असेल तर त्या दिवशी मी गैरहजर होतो. तिकडचा ऑक्टोबर म्हणजे आपला मे.

तयारीत एकच कटकट, पिवळ्या तापाची लस. कुठून जाताय, कुठे विमान बदलताय यावर ती ठरते, म्हणून आधी चौकशी करा. साठीच्या वरच्यांना डॉक्टरची चिठ्ठी लागते आणि प्रवासाच्या दहा दिवस आधी टोचून घ्यावी लागते. डॉलर रोख ठेवा, सुट्टे.

मुंबईहून आदिस अबाबा, तिथे विमान बदलून झांबियाची राजधानी लुसाका. विमानतळावरच व्हिसा मिळतो. खिडकीतल्या बाईने विचारलं, एका देशाचा हवा की दोन्ही देशांचा? दोन्हीचा पन्नास डॉलर. मी म्हटलं, धबधबा एक आहे, देश दोन कशाला घ्यायचे? सुमनने मागून कोपर मारलं. "दोन्हीकडचा घ्या. आपल्या गल्लीत समोरच्या बाजूला पाणी असतं तेव्हा आपल्या बाजूला असतं का?" अशा ठिकाणी वाद घातला तर मागची रांग ऐकते. घेतला.

पुढे लिव्हिंग्स्टन गावापर्यंत बसने सात तास. रस्ता ठीक, बस वेळेवर, आतमध्ये प्रवचन चालू. दुपारी एका ठिकाणी जेवायला थांबली. मक्याच्या पिठाची उकड घट्ट शिजवून गोळा करतात, त्याला न्शिमा म्हणतात. सोबत टोमॅटो-कांद्यात परतलेली बारीक सुकी मासळी. सुमनने पहिला घास घेतला आणि ताट माझ्यापासून लांब ओढलं. आमचं कुडाळकडचं सुकटच ते. पोटाची काळजी तिथेच मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धबधब्यावर. झांबियाच्या बाजूचं तिकीट वीस डॉलर माणशी. चालत आत गेलो. मी पुढे, सुमन काठी टेकत मागे. आवाज येईना. मला वाटलं, अजून लांब असेल. मग झाडी संपली आणि समोर कडा आला. काळा, कोरडा, इथून तिथपर्यंत. एका कोपऱ्यात दोन धारा. आमच्या असल्फाच्या नळाला सणासुदीला ह्यापेक्षा जास्त प्रेशर असतं. माणसं चक्क धबधब्याच्या माथ्यावर खडकांवरून फिरत होती.

मी तिथल्या गार्डला विचारलं, "वॉटर?" त्याने हाताने लांब पलीकडे दाखवलं आणि म्हणाला, "झिंबाब्वे." मग मला बरंच काही समजावलं. त्यातलं एप्रिल तेवढं कळलं.

सुमन बाकड्यावर बसून त्या खडकाकडे बघत राहिली. मी म्हटलं, काहीतरी बोल. रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने गुडघ्याला मलम चोळलं आणि विचारलं, "दुरुस्तीचं काम काढलंय का ह्यांनी?" विमान, बस, लस, सगळं करून मी तिला परत कोरड्या नळासमोरच आणून बसवलं होतं.

गेस्ट हाउसवर परत आलो. जेवलो. तीच म्हणाली, उद्या पलीकडे जाऊ, व्हिसा आहे ना. मी म्हटलं, गुडघे? "गुडघे माझे आहेत," ती म्हणाली.

दोन्ही देशांच्या मध्ये दरीवर लोखंडी पूल आहे. एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंत पाऊण तास चाल धरा, गुडघे दुखत असतील तर दीड. टॅक्सी मिळतात, आम्हालाही विचारत होते. सुमन नको म्हणाली. नंतर कळलं, तिला पुलावरून खाली बघायचं होतं. पुलाआधीच एका मोठ्या माकडाने तिच्या पिशवीतून खाज्याचा पुडा ओढला. माझी बायको चिडली की मालवणीवर येते. "मेल्या, कुडाळचा खाजा ता," असं म्हणून तिने काठी उगारली. माकडाने तिच्यासमोरच बसून अर्धा पुडा खाल्ला. पिशव्या बंद ठेवा.

पुलाच्या मध्यावर पायांना दोर बांधून लोक खाली उड्या मारतात, पैसे देऊन. एक गोरा पोरगा उडी मारायला उभा होता. सुमनने विचारलं, ह्याच्या घरी माहीत आहे का? तिला बसायला निमित्त हवं होतं, म्हणून तो परत वर येईपर्यंत आम्ही थांबलो. तो आला, ती उठली. अर्ध्या वाटेवर तिचा चेहरा बघून मी म्हटलं, परत फिरू या. ती तशीच पुढे चालत राहिली.

झिंबाब्वेच्या बाजूचं तिकीट पन्नास डॉलर माणशी. मी खिडकीवर पाटी दोनदा वाचली. तोपर्यंत ती फाटकातून आत जाऊन उभी.

इथे आवाज आधी आला. पायाखालची जमीन हलते तसा. मग तोंडावर बारीक तुषार, आणि मग ते. ऑक्टोबरातसुद्धा. पांढरं, जाड, थांबायचं नावच नाही. मला वर्णन जमत नाही. मी माझ्या हिशेबाने बघत होतो, की हे बंद करायला केवढी चावी लागेल. सुमन कठड्याला धरून उभी होती. चष्मा पुसायची, परत बघायची. बऱ्याच वेळाने म्हणाली, "हे बंदच करत नाहीत?"

"नाही."

"मग इथल्या बायका सुखाने झोपत असतील."

शेजारी एक बाई वाटेवरचा पाला झाडत होती. हातवारे करून दोघींचं काहीतरी सुरू झालं. भाषा एकीची दुसरीला येत नाही. त्या बाईने डोक्यावर भांडं धरल्याचं दाखवलं, मग मनगटावर बोट ठेवलं, मग दोन बोटं, मग डोळे चोळत झोपेतून उठल्याचं. तिच्या वस्तीत पाणी दोन तास येतं आणि तेही भल्या पहाटे. सुमन इतकी हसली की मला तिला धरावं लागलं. "बघा," मला म्हणाली, "इथेही तुमच्यासारखा एक आहे." पिशवीत राहिलेला खाज्याचा दुसरा पुडा तिने त्या बाईला दिला.

मला कुठेही अर्ध्या तासाच्या वर उभं राहवत नाही. त्या दिवशी चार तास राहिलो. निघू या, असं मी तिला एकदाही म्हटलं नाही.

परतीचं सांगण्यासारखं काही नाही. येताना पुलावर टॅक्सी घेतली.

घरी आल्यावर शेजारणी जमल्या. मला वाटलं, आता त्या पांढऱ्या पाण्याचं सांगेल. तिने कोरड्या कड्याचं सांगितलं. मी गार्डला वॉटर विचारत कसा फिरत होतो, ते नक्कल करून. तीन वेळा. मी आतल्या खोलीत बसून ऐकलं. राग आला नाही असं नाही. पण दाखवतो म्हणालो होतो ते दाखवलं, एवढं तिने शेवटी चहा गाळताना म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नसेल, मला गेलं.

दिवाळीनंतर ऑपरेशन झालं. आता ती वॉकर घेऊन गल्लीत चालते. कोपऱ्यावरच्या गिरणीपर्यंत जाते आणि येते. परवा मला विचारत होती, तो पूल नक्की किती लांब होता.

मी म्हटलं, कशाला?

"एप्रिलात दोन्हीकडे पाणी असतं ना," ती म्हणाली. "तेवढं चालायला लागले की सांगते."